भरताबरोबरची वाईन

फैजपूर, १७ डिसेंबर २०२४

कोकिळा,

वर ‘प्रिय’ लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही.

तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस हे मला भूमिकाने सांगितलं. मी आपली शनिवारपासून तुला फोन लावतेय आणि नेटवर्कला शिव्या घालतेय. शेवटी लेकीनेच नाशिकहून विचारलं, ‘आई, व्हॉट्सॲपवर मावशीचा फोटो दिसतो का तुला?’ म्हटलं, नाही दिसत. ‘मग ब्लॉक केलं तिने तुला.’ धुळ्याच्या होस्टेलवर एका पांघरुणात झोपलेल्या आपण दोघी, आणि चोपन्नाव्या वर्षी ही आपली गत. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही म्हणून हे पत्र. वाच, नाहीतर फाडून टाक.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. माझ्या घरी, ममता आणि सोनलच्या देखत, मी तुला ओतून दिलेली वाईन तू कढीपत्त्याच्या कुंडीत का ओतलीस?

मी किती खपले होते त्या जेवणासाठी, तुला कल्पना आहे का? दर डिसेंबरात तुम्ही तिघी मैत्रिणी माझ्याकडे भरीत खायला येता, खाऊन ढेकर देऊन जाता. या वेळी मला काहीतरी वेगळं करायचं होतं. भूमिकाने मला नाशिकजवळच्या एका वायनरीत दोन दिवसांच्या वर्गाला बसवलं, तिथे कुठल्या जेवणाबरोबर कुठली वाईन हे शिकवतात. माझ्याशिवाय सगळी पंचविशीतली पोरं. मी लुगड्यातली नसले तरी काठपदरातली होते, तरी बसले. घरी येऊन आपल्या जेवणाला ते सगळं बसवलं. आधी ज्वारीचे बिबडे आणि उडदाचा पापड, त्याबरोबर गार पांढरी वाईन. मग भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या, त्याबरोबर लाल शिराझ, कारण भाजलेल्या वांग्याचा धूर आणि शिराझचा धूर एकमेकांना ओळखतात असं तिथले सर म्हणाले होते. मग शेवभाजीबरोबर गुलाबी. आणि शेवटी खापरावरच्या पुरणपोळीबरोबर गोड वाईन, इवल्या पेल्यात. टेबलावर मेणबत्त्या लावल्या. वांगी बामणोदची, कपाशीच्या काड्यांवर मी स्वतः मागच्या अंगणात भाजलेली. आणखी काय करायचं माणसाने?

वाईन पेल्यात थोडीशीच ओतायची असते हेही शिकवलं होतं. पण पाहुण्यापुढे अर्धा रिकामा पेला ठेवायला माझा हात धजला नाही. मठ्ठा वाढतात तशी काठोकाठ भरली. ममताने निमूट घेतली. सोनलने डोळे मिटून घेतली. तू पेला नाकाशी नेलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, ‘सुलू, हाई ते आंबी गयं व.’

मी सांगितलं की आंबटपणा हा वाईनचा गुण असतो, त्याला ॲसिडिटी म्हणतात. ममता म्हणाली, ‘ती तर मला आधीपासूनच आहे,’ आणि सगळ्या हसलो. तिथे विषय संपायला हवा होता की नाही? पण तू उठलीस, पेला घेऊन स्वयंपाकघरातून मागच्या दारी गेलीस. बराच वेळ आली नाहीस. आलीस ती तोंड पांढरंफटक करून. आल्या आल्या मेणबत्त्या फुंकून विझवल्यास, जणू तुझाच वाढदिवस. भर डिसेंबरात घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्यास. शेवभाजीचा रस्सा मी मंद आचेवर ठेवला होता, तो गॅस बंद करून थंडगार करून टाकलास. सिलिंडरचं रेग्युलेटरसुद्धा बंद केलंस! दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला शेगडी पेटेना तेव्हा मला कळलं. आणि एवढा सगळा आगाऊपणा करून वर माझ्यासमोर उभी राहून विचारतेस काय, तर ‘सुलू, तुले वास येत नही का?’

मला वास येतो, कोकिळा. चांगला येतो. त्या दिवशी सर्दी होती.

त्यानंतर मी जे बोलले ते रागात बोलले. पण तुला पिशवी उचलून ममताच्या गाडीत जाऊन बसण्याएवढं काय झालं होतं? माझ्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या.

आणि हे सगळं तुला बैठकीत मानाने बसवल्यावर! गेली काही वर्षं तू दुपारीच येऊन धडकतेस, माझ्या प्रत्येक पातेल्यात चमचा घालतेस, डबे उघडतेस, लसूण पुन्हा सोलतेस. म्हणून या वेळी तुला बजावलं होतं की बाकीच्यांबरोबर संध्याकाळी ये, स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस. त्याचाच राग काढलास ना?

ममताचा फोन आला होता. म्हणते, ‘पुढच्या वर्षी जळगावला एखाद्या हॉटेलात बसू या ना, तुलाही त्रास नको.’ कळलं तुला त्याचा अर्थ? माझ्या घरचं भरताचं जेवण संपलं. माझ्याकडे दुसरं काय आहे ग लोकांनी यावं असं? तू माफी मागितलीस आणि पुन्हा इथे जेवायला आलीस तरच त्या दोघी येतील. तेवढं तुझ्या मनात आहे का नाही, एवढं कळव.

सुलक्षणा


फैजपूर, २९ डिसेंबर

कोकिळा,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या शाळेतली पोरं उत्तर देत नाहीत तेव्हा तू त्यांना बाकावर उभं करतेस, हे विसरू नकोस.

एक गोष्ट मात्र कळवणं भाग आहे, कारण मी अन्याय करत नाही. वाईनचं प्रकरण उलगडलं. गुन्हेगार आमचे लीलाधरराव.

बाटल्या थंड जागी ठेवायच्या असं मी त्यांना सांगितलं होतं. आमच्या घरात थंड जागा म्हटली की या माणसाला एकच सुचतं. ते म्हणाले, ‘बाटल्याइले थंडी पायजे ना? मंग ठिवून देऊ चेंबरमधी.’ म्हणजे केळी पिकवायच्या चेंबरमध्ये! मलाही ते पटलं होतं, हे खोटं बोलत नाही. आत गारवा अगदी हवा तेवढा असतो. पण केळी सुकू नयेत म्हणून तिथे सारखी पाण्याची वाफ सोडतात हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. जेवणाच्या दिवशी हे बाटल्या काढायला गेले तर बाटल्या नागड्या, आणि लेबलं खाली केळीच्या क्रेटमध्ये पडलेली. मला सांगायची छाती झाली नाही म्हणून या माणसाने पिठाची खळ केली आणि लेबलं परत चिकटवली. मी विचारलं, कुठलं कुठल्या बाटलीला? तर म्हणे, ‘जसं आठोलं तसं चिटकोलं.’

बरं, त्यांत एक लाल बाटली दिवाळीत उघडलेली होती. भूमिका आली होती तेव्हा आम्ही चव घेऊन बघितली आणि झाकण फिरवून परत चेंबरमध्ये ठेवली. वाईन जितकी जुनी तितकी चांगली असं सगळेच म्हणतात, मला वाटलं लोणच्यासारखी आणखी मुरेल. खळ लावल्यावर ती बाटली बाकीच्यांत मिसळून गेली. त्यातून ‘शिराझ’ म्हणून मी तुम्हाला जे वाढलं ते दिवाळीपासून आंबत पडलेलं होतं. भूमिका फोनवर म्हणाली, ‘आई, तो सिरका झाला असणार, वासावरूनच कळतं की!’

असेल झाला. म्हणून काय झालं? ममता अख्खा पेला प्यायली. सोनलने दुसऱ्यांदा घेतली. दुसऱ्याच्या घरी ताटात पडलेलं टाकू नये, हे त्या दोघींना कळतं. तुला नाव ठेवायचंच होतं तर दुसऱ्या दिवशी फोन करायचास. मी ऐकून घेतलं असतं.

नसतंही घेतलं कदाचित. पण फोन करायचास.

सुलक्षणा


फैजपूर, १५ जानेवारी २०२५

कोकिळा,

तुला तिळगूळ पाठवणार होते. पाठवत नाही. रागाने नव्हे.

काल धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात लाडू सापडला. आमच्या लीलाधररावांची पँट. सकाळी मी हातावर लाडू ठेवला तेव्हा हा माणूस ‘वा, वा’ म्हणाला होता. जाब विचारला. आधी म्हणाले, दुपारी खायला ठेवला. मग म्हणाले, ‘ग्वाड झाला व्हता. पन दाने खवट लागे.’

मी विचारलं, मग तोंडाने का नाही बोललात?

‘तुले वाईट वाटलं अस्तं.’

शेजारच्या कमलबाईंनी परवा माझे लाडू घेतले आणि ‘घरी जाऊन खाते’ म्हणाल्या. त्या कधी घरी जाऊन खात नाहीत. उंबऱ्यातच खातात आणि दुसरा मागतात.

हे सगळे मिळून काय चालवलंय ग? किती दिवस चालवलंय?

सुलक्षणा


फैजपूर, २४ जानेवारी

कोकिळा,

आज सकाळी मी ओट्याशी स्टुलावर बसून मटार सोलत होते. शेगडीवर दूध होतं. लीलाधरराव चेंबरवरून आले ते दारातूनच ओरडले, मला धक्का देऊन बाजूला केलं, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. दूध उतू जाऊन विस्तव विझला होता आणि गॅस नुसता सुटत होता. मी त्या शेगडीपासून हातभर अंतरावर बसले होते. मटार सोलत. मला काहीही कळलं नाही.

मग म्हणाले, ‘एवढा घाण वास सुटेल शे घरात. तू करत काय व्हती?’

तेव्हा मला तुझ्या खिडक्या आठवल्या. विझवलेल्या मेणबत्त्या आठवल्या. मंद आचेवर ठेवलेला शेवभाजीचा रस्सा आठवला, तो उतू गेलेला मी दुसऱ्या दिवशी पुसला होता आणि तुझ्याच नावाने बोटं मोडली होती. ममता आणि सोनल हसत होत्या, मी वाईनच्या गुणांवर भाषण देत होते, आणि पडद्यापलीकडे गॅस असाच सुटत होता.

तर आता लिहिते. एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

मला वास येत नाही. एकवीस सालच्या त्या आजारात गेला. सगळ्यांचा गेला होता, सगळ्यांचा परत आला. माझा आला नाही. डॉक्टर म्हणाले येईल, वाट बघा. मी वाट बघितली. मग वाट बघणं सोडलं, पण कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही, भूमिकालाही नाही. खारट, आंबट, गोड, तिखट एवढं जिभेला कळतं, बाकी सगळं एकसारखं. भरीत खाते तेव्हा मला मीठ आणि मिरची लागते. वांगं लागत नाही, लसूण लागत नाही. कांद्याच्या पातीचा नुसता करकर आवाज येतो.

स्वयंपाक मी कानाने आणि डोळ्याने करते. मोहरी तडतडायची थांबली की जिरं घालायचं, लसूण कडेने लाल झाला की उतरवायचा. तीस वर्षांची सवय आहे, हात चालतात. पण शेंगदाणा खवट झाला की नाही, तेल जुनं झालं की नाही, हे डोळ्याला कुठून कळणार? आयुष्यभर या माणसाच्या अंगाला पिकल्या केळ्याचा वास येतो म्हणून मी नाक मुरडलं. आता ते जवळ येऊन बसले तरी मला कळत नाही कोण बसलंय. त्याचा मला इतका राग येतो, इतका राग येतो की कधी कधी मी त्यांच्यावरच उगाच खेकसते.

तुला वाटेल, असं असताना ही बाई वाईनच्या भानगडीत कशाला पडली? नाकाचाच तर धंदा आहे तो.

त्यासाठीच पडले, कोकिळा. भरताचा वास आपल्याकडे पोरासोरांनाही कळतो. भरताच्या बाबतीत मला कुणीही पकडलं असतं. पण वाईनचा वास आपल्या चौघींपैकी कुणाला माहीत होता? नाशिकला सगळी पोरं पेल्यात नाक घालून ‘जांभूळ’, ‘मिरी’, ‘ओली माती’ असं काय काय सांगत होती. मीही पेल्यात नाक घातलं आणि बाटलीच्या पाठीवर छापलेलं वाचून तेच म्हणाले. सर म्हणाले, ‘व्वा काकू, छान नाक आहे तुमचं.’ मला आनंद झाला ग. खोटा होता, पण झाला. वाटलं, ही एक गोष्ट अशी आहे की जिथे आपण चौघी सारख्याच आंधळ्या. मी जे सांगेन ते खरं. एक संध्याकाळ तरी मला धास्ती न बाळगता जेवू घालता येईल.

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी तू तोंडावर विचारलंस.

त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. पहिल्या पत्रात नुसतं ‘रागात बोलले’ लिहून मोकळी झाले होते. मी म्हणाले, ‘तुझ्या घरी जेवायला कुणी येत नाही, म्हणून माझ्या घरात येऊन नाक खुपसतेस.’ एकट्या राहणाऱ्या बाईला असं बोलतात का? ममताने मान खाली घातली होती. तू पिशवी घेतलीस. ते वाक्य मला परत घ्यायचं आहे. घेता येत असेल तर घेऊ दे.

आता तू ठरव. हॉटेलात जायचं तर जाऊ. मी येईन, हसेन, जेवेन. मला सगळीकडे सारखंच लागतं.

सुलू


फैजपूर, ३ फेब्रुवारी

प्रिय कोकी,

कुरिअरवाला तुझं पार्सल देऊन गेला. पाकीट नाही, चिठ्ठी नाही, ‘कशी आहेस’ नाही. जुन्या फुलाफुलांच्या कापडाची पिशवी आणि तिच्यात शेंगदाणे.

मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचार करत बसले की ही बाई मला माफ करतेय की खिजवतेय. तेवढ्यात लीलाधरराव पाणी प्यायला आत आले, पिशवीकडे बघून म्हणाले, ‘कोकिळाताई आल्या का?’

म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

‘ही पिशवी त्यायची शे. दरसाल भरताच्या टायमाले हातात असती.’ आणि जाता जाता म्हणाले, ‘जातानाबी भरेलच असे.’

मी स्टुलावर बसले.

दरसाल दुपारी येत होतीस. डबे उघडत होतीस. लसूण पुन्हा सोलत होतीस. ‘कोकी, जा ना बाहेर, माझ्या पायांत येतेस’ असं मी ओरडत होते, आणि तू ‘बठ्ठं बरं शे, बठ्ठं बरं शे’ म्हणत माझे शेंगदाणे बदलत होतीस! माझे खवट शेंगदाणे पिशवीत भरून धुळ्याला परत नेत होतीस. काय केलंस ग त्यांचं? खारींना घातलेस?

मला आधी काय वाटलं असेल? उपकार वाटले? मुळीच नाही. मला तुझा इतका संताप आला की मी पिशवी उचलून मागच्या दाराशी गेले होते फेकायला. ‘सुलूच्या हाताला चव आहे’ म्हणत ममता दर वर्षी बोटं चाटायची. कुणाच्या हाताला? तुला हे कळलं होतं तर तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? तूही आमच्या लीलाधररावांसारखीच निघालीस. त्यांनी लाडू खिशात घातला, तू शेंगदाणे पिशवीत घातलेस. सगळ्यांनी मिळून मला पाटावर बसवून ठेवलं, सुलूला वाईट वाटेल म्हणून. आणि ज्या दिवशी तू पहिल्यांदा खरं बोललीस त्या दिवशी मी तुला घराबाहेर काढलं. राग तुझा येतोय की माझा, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

पिशवी फेकली नाही. दोन वांगी भाजली, त्यातले मूठभर दाणे तळले, भरीत केलं. यांनी पुरीबरोबर खाल्लं. मी समोर बसून त्यांचे खिसे बघत होते. दोनदा मागून घेतलं. मग मी सांगितलं त्यांना, कारण तुला लिहून झालं होतं आणि आता लपवण्यात काही राम नव्हता. मग म्हणाले, ‘मंग मी चेंबरवरून येतो तव्हा तुले कळत नाई?’ म्हटलं, नाही कळत. तेव्हापासून हा माणूस दारातूनच ‘मी आलो व’ असं ओरडून घरात येतो. कमलबाई विचारत होत्या, काय झालंय यांना.

ममताला आणि सोनललाही मीच फोन केला. सोनल रडली. ममता म्हणाली, ‘म्हणजे मी तो अख्खा पेला उगाचच संपवला?’ म्हटलं, हो बाई, उगाचच. तिने सांगितलं की त्या रात्री तू जळगावला गाडीतून उतरताना एवढंच म्हणालीस, ‘तिले एकटीले गॅसजोडे राहू देवानं नही.’

मोसमातली शेवटची वांगी आता येतील. येत्या पंधरा तारखेला शनिवार आहे. हॉटेल रद्द. जेवण माझ्या घरी, तसंच सगळं, वाईनसकट. मी भूमिकाकडून नव्या बाटल्या मागवल्या आहेत आणि सगळ्यांची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकली आहेत. पाठीवर काय छापलंय ते आता कुणीच वाचायचं नाही. तू दुपारीच ये. पहिल्यांदा भरीत हुंग, मग एकेक बाटली हुंग, आणि कुठली कशाबरोबर जाते ते तू ठरव. एकही जात नसेल तर मठ्ठा लावू. चमचा प्रत्येक पातेल्यात घाल, पण चोरून नाही. सगळ्यांसमोर घाल आणि काय चुकलंय ते मोठ्याने सांग. दाणे मी तळीन, वांगी मी ठेचीन, मीठ माझं. वास तुझा.

आणि एक मागणं आहे. जेवायला बसल्यावर मला सांगत जा, वास कसा येतोय. वांग्याचा, पुरीचा, त्या वाईनचा. यांच्या अंगाला अजून केळ्याचा येतो का, तेही. मला ऐकायचं आहे. जळका आला तर जळका म्हण, खवट आला तर खवट म्हण. फक्त ‘छान’ म्हणू नकोस. ‘छान’ मी तीन वर्षं खाल्लं.

तू येईपर्यंत शेगडी पेटवणार नाही. मागचं दार उघडंच ठेवते, आणि खिडक्यासुद्धा.

तुझी सुलू